जुन्या कडबा-कापणी यंत्राची डागडुजी : गंज काढणे व रंग देणे

दुभत्या जनावरांच्या पालनात वैरणीचा खर्च हा सर्वांत मोठा खर्च होय. ज्वारीचा कडबा अथवा मक्याची ताटे अखंड टाकली असता जनावर पाने व कोवळे शेंडे तेवढे खाते, आणि जाड बुंधे पायांखाली तुडवून गव्हाणीबाहेर लोटते. त्याच कडब्याची सुमारे २ ते ३ सेंटिमीटर लांबीची कुट्टी करून घातल्यास जनावरास निवड करण्यास वाव राहत नाही व वैरणीची नासाडी पुष्कळच टळते. या कारणाने कडबा-कापणी यंत्र हे गोठ्यातील एक अत्यावश्यक साधन ठरले आहे.

ही यंत्रे महाराष्ट्रास नवीन नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे शेतीची अवजारे बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हा आरंभी तयार झालेल्या मालात कडबा कापण्याच्या यंत्राचा समावेश होता. त्यांचा लोखंडी नांगर १९०३ साली बाजारात आला, आणि १९१० साली किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. तेव्हापासून बिडाचे जड चाक, त्यावर बसविलेल्या दोन सुऱ्या, वैरण आत ओढणारे दोन दातेरी रूळ आणि वैरण घालण्याची पन्हळ ही या यंत्राची मूळ रचना फारशी बदललेली नाही. बिडाचे भाग योग्य निगा राखल्यास दीर्घकाळ टिकतात. म्हणून एका शेतकऱ्याने काढून टाकलेले यंत्र दुसऱ्यास उपयोगी पडू शकते. आठवड्याच्या बाजारात अथवा भंगारवाल्याकडे अशी यंत्रे नव्या यंत्राच्या मानाने अल्प किमतीत मिळतात.

मात्र असे यंत्र घरी आणल्याबरोबर त्यावर रंगाचा एक हात फिरवून ते कामास लावण्याची जी पद्धत आहे, ती सर्वस्वी चुकीची होय. गंजावर दिलेला रंग एक पावसाळाही टिकत नाही, ही तर हानी आहेच. परंतु त्याहून मोठे धोके दोन आहेत. रंगाखाली तडा झाकला गेल्यास वेगाने फिरणारे चाक फुटून माणसास इजा होऊ शकते. आणि जेथे वैरणीचा स्पर्श होतो तेथे रंग दिल्यास तो वैरणीबरोबर जनावराच्या पोटात जातो. रंग हे या कामातील शेवटचे पाऊल आहे. त्याआधीची पावले क्रमाने टाकली गेली तरच त्या रंगाला काही अर्थ आहे.

खरेदीपूर्वीची पाहणी

जुने यंत्र विकत घेताना त्याच्या चकाकीकडे न पाहता त्याच्या अंगाकडे पाहावे. नुकताच रंगविलेला माल असेल तर अधिकच सावध राहावे. गंजलेले पण न रंगविलेले यंत्र हे रंगवून ठेवलेल्या यंत्रापेक्षा बरे, कारण त्याचे दोष उघड असतात.

प्रथम चाकाची परीक्षा करावी. चाक आसावरून उतरवून दोरीने टांगावे व लहान हातोडीने त्यावर निरनिराळ्या ठिकाणी हलकेच ठोकावे. अखंड बीड घंटेसारखा स्वच्छ नाद देते. तडा असल्यास नाद बसका व खरखरीत येतो. चाक यंत्रावर तसेच असताना ही परीक्षा विश्वसनीय ठरत नाही, कारण आसाला जखडलेले चाक कधीच मोकळेपणी वाजत नाही.

नादावरून शंका आल्यास रॉकेल व खडू यांची परीक्षा करावी. चाकाचा संशयित भाग घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल अथवा डिझेल भरपूर लावून काही तास मुरू द्यावे, व नंतर तो भाग कोरड्या फडक्याने अगदी कोरडा पुसावा. त्यावर खडूच्या बारीक पुडीचा पातळ थर द्यावा. तडा असल्यास त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर तड्याच्या आकाराची काळपट रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारे तडेही या साध्या उपायाने उघडकीस येतात. आरे व तुंबा जेथे मिळतात ती जागा, सुरी बसविण्याची भोके व आसाची खाच येथे ही परीक्षा अवश्य करावी.

चाकास तडा आढळल्यास ते यंत्र घेऊ नये, अथवा चाक बदलून घ्यावे. बिडाचे सांधकाम हे कुशल कारागिराचे काम आहे. ते यथायोग्य न झाल्यास सांध्याच्या शेजारी नवा तडा जातो. सांधलेले चाक विजेच्या यंत्रावर तर कदापि चढवू नये.

त्यानंतर आस हाताने हलवून पाहावा. तो खालीवर खेळत असेल तर बेअरिंग अथवा वाट्या झिजल्या आहेत असे समजावे. दातेरी चाकांचे दात तुटलेले नसावेत. सुऱ्या वारंवार धार लावून अरुंद झाल्या असल्यास त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. पत्र्याचे भाग टोचणीने टोचून पाहावेत. टोचणी आरपार गेली तर तो पत्रा गंजाने खाल्लेला असून रंगाने सावरणारा नाही. चाकावरील संरक्षक आच्छादन नसेल तर ते बनवून घेण्याचा खर्चही हिशेबात घ्यावा.

गंज का वाढतो

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ही तीन एकत्र आली की गंज उत्पन्न होतो. यांपैकी एक जरी दूर ठेवले तरी गंज थांबतो. रंगाचे कार्य नेमके हेच आहे: तो लोखंड व ओलावा यांच्यामध्ये पडदा उभा करतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली थोडासाही गंज शिल्लक राहिला व त्यास ओलावा मिळाला, तर तो फुगून वरील रंगास उचलून फोडतो. फोड फुटला की तेथून पाणी आत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. गंजावर चढविलेला रंग पापुद्र्यांनी सुटतो, त्याचे कारण हे आहे.

गोठ्यातील हवा लोखंडास विशेष बाधक असते. शेण व मूत्र यांपासून निघणारी वाफ, जमिनीची ओल, आणि हिरव्या वैरणीचा किंचित आंबट रस यांमुळे यंत्र लवकर गंजते. मुरघास कापणाऱ्या अथवा हाताळणाऱ्या यंत्रावर आम्लाचा परिणाम अधिकच तीव्र होतो. कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्याची त्यात भर पडते. मीठ लोखंडाच्या बारीक खळग्यांत बसले म्हणजे ते हवेतील ओलावा ओढून घेत राहते. अशा ठिकाणचे यंत्र रंगविण्यापूर्वी गोड्या पाण्याने दोनतीनदा स्वच्छ धुणे अगत्याचे आहे.

जुन्या रंगातील शिसे

पूर्वीच्या काळी लोखंडावरील पहिले अस्तर म्हणून शेंदराचा, म्हणजे तांबड्या शिशाच्या रंगाचा, सर्रास उपयोग होत असे. पिवळ्या, नारिंगी व हिरव्या तेली रंगांतही शिशाची संयुगे घातली जात. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली करण्यात आला व तो नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. परंतु हा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. जुन्या यंत्रावरील रंगात शिसे नाही असे धरून चालण्यास त्यामुळे कोणताच आधार नाही. जुना रंग शिशाचाच आहे असे समजून काम करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

शिसे हे संथपणे भिनणारे विष आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते बाधक होते व गर्भासही अपाय करते. गुरांना, विशेषतः वासरांना, रंगविलेल्या वस्तू चाटण्याची सवय असते, आणि जुना रंग चाटणे हे गुरांच्या विषबाधेचे एक परिचित कारण आहे. अशा जनावराचे खाणे सुटते, ते दात खाते, त्याचे स्नायू फडफडतात, त्यास दिसेनासे होते व ते भिंतीस डोके टेकून उभे राहते. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यास बोलवावे व रंग खरवडल्याची माहिती त्यास आवर्जून द्यावी.

यास्तव जुना रंग काढताना पुढील दक्षता घ्यावी. काम गोठ्यापासून, विहिरीपासून व स्वयंपाकघरापासून दूर करावे. जमिनीवर ताडपत्री किंवा जाड प्लॅस्टिक अंथरावे. रंग कोरडा घासू नये. पाणी शिंपडून ओला करावा व मग पत्रीने खरवडावा, म्हणजे धूळ उडत नाही. दिव्याच्या ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्या धुरातून शिसे श्वासावाटे शरीरात जाते. नाकातोंडावर बारीक धूळ अडविणारा मुखपट्टा लावावा. नुसता रुमाल पुरेसा नाही. काम करताना विडी ओढू नये, तंबाखू मळू नये, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. कामाचे कपडे इतर कपड्यांबरोबर धुऊ नयेत. मुले व गरोदर स्त्रिया यांस कामाच्या जागी येऊ देऊ नये.

खरवड उकिरड्यावर टाकण्याची चूक कोणीही करू नये. उकिरड्यातून ती शेणखतात व खतातून शेतात जाते, आणि मातीत गेलेले शिसे वर्षानुवर्षे तेथेच राहते. ती झाकणाच्या डब्यात बंद करून, घातक कचरा वेगळा स्वीकारण्याची जेथे व्यवस्था असेल तेथे द्यावी. तोपर्यंत डबा मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.

यंत्र सोडविणे व धुणे

विजेवर चालणारे यंत्र असेल तर वीज बंद करून तार प्लगसह काढून ठेवावी, व मोटार यंत्रापासून वेगळी करावी. नंतर चाकाच्या आऱ्यांत लाकडाचा ठोकळा घालून चाक पक्के अडवावे. सुऱ्या प्रथम काढाव्यात, म्हणजे पुढील काम निर्धोक होते. बिडाचे चाक जड असल्याने हाताने थोडे ढकलले तरी ते आपल्या भाराने फिरत राहते, आणि सुरी हातावर येण्यास तेवढे पुरते.

गंजाने घट्ट बसलेल्या नटांवर जोर करू नये. त्यावर रॉकेल व तेल यांचे मिश्रण सोडून रात्रभर मुरू द्यावे, सकाळी हातोडीने हलके ठोके द्यावेत व मग पान्याने सोडवावे. नट, बोल्ट व वायसर हे ज्या भागाचे असतील त्या भागाच्या नावाने निरनिराळ्या डब्यांत ठेवावेत. सोडविण्यापूर्वी यंत्राची चारी बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवल्यास जोडणीच्या वेळी घोटाळा होत नाही.

सुटे केलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घासून धुवावेत. सोड्याने तेल, ग्रीस व वैरणीचा चिकटलेला रस निघून जातो. जुने ग्रीस फारच घट्ट झाले असल्यास ते आधी रॉकेलने सैल करावे; पेट्रोल मात्र वापरू नये, कारण त्याची वाफ दूरवरच्या ठिणगीनेही पेट घेते. ग्रीस काढण्याचे हे काम गंज घासण्यापूर्वी करावयाचे असते. क्रम उलटा झाल्यास तारेचा ब्रश तेच ग्रीस लोखंडाच्या खळग्यांत भरतो व त्यावर रंग धरत नाही.

गंज काढणे

सैल गंज पत्रीने व तारेच्या ब्रशाने काढावा, नंतर जाड व शेवटी बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा. चकचकीत लोखंड दिसू लागणे हे उत्तम. निदान बोट फिरविले असता तांबडी पूड लागणार नाही इतपत तरी स्वच्छता झालीच पाहिजे. जुना रंग जेथे घट्ट बसलेला आहे तेथे तो संपूर्ण काढण्याची आवश्यकता नाही. त्याच्या कडा पाणी लावून घासून उतरत्या कराव्यात व त्याचा तकाकीपणा मारावा, म्हणजे नवा रंग त्यास धरतो. विजेवर फिरणारा तारेचा ब्रश वापरल्यास डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. त्यातील तारा तुटून वेगाने उडतात. जुन्या रंगावर तर हा ब्रश लावूच नये, कारण त्याने शिशाची धूळ होते.

नट, बोल्ट यांसारखे लहान भाग चिंचेच्या कोळाच्या घट्ट पाण्यात एक रात्र ठेवल्यास गंज मऊ होतो व ब्रशाने सहज निघतो. बाहेर काढल्यावर ते सोड्याच्या पाण्यात बुचकळून आंबटपणा घालवावा, स्वच्छ पाण्याने धुवावे व लगेच कोरडे करावे. सुऱ्या मात्र आंबट पाण्यात ठेवू नयेत. त्यांची धार खाल्ली जाते.

संडास धुण्याचे तीव्र आम्ल वापरून गंज काढण्याचा मोह काहींना होतो. हे आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाते, त्याची वाफ फुप्फुसास अपाय करते, आणि त्याचा अंश भेगांत राहिल्यास धुतलेले लोखंड पुन्हा झपाट्याने गंजते. हा उपाय त्याज्य समजावा. खोल खळग्यांतील गंजासाठी बाजारात मिळणारे फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक वापरता येते. ते वापरताना डब्यावरील सूचना पाळाव्यात व हातात रबरी मोजे घालावेत.

उघडे झालेले लोखंड अत्यंत हळवे असते. दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस छटा येते. म्हणून एका दिवसात जेवढ्या भागास अस्तर देता येईल तेवढाच भाग त्या दिवशी घासावा. घासलेल्या भागास उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण घामातील मिठानेही गंज धरतो.

रंग कोठे द्यावा व कोठे देऊ नये

या कामातील सर्वांत महत्त्वाचा विवेक हा आहे. यंत्राचे भाग मनाशी तीन वर्गांत वाटून घ्यावेत.

पहिला वर्ग रंग देण्याच्या भागांचा. यंत्राचे पाय, सांगाडा, पन्हळीची बाहेरील बाजू, चाकाची कड व आरे, आणि संरक्षक आच्छादन हे भाग यात येतात.

दुसरा वर्ग वैरणीचा स्पर्श होणाऱ्या भागांचा. पन्हळीची आतील बाजू, दातेरी रूळ, सुऱ्या, सुरी ज्यावर चालते ती पट्टी, व कुट्टी पडण्याचे तोंड या भागांना रंग मुळीच देऊ नये. वैरणीच्या घर्षणाने तेथील रंग काही दिवसांतच सुटतो व कुट्टीत मिसळतो. हे भाग घासून स्वच्छ व गुळगुळीत करावेत आणि त्यांवर गोड्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. इंजिनाचे वापरलेले काळे तेल येथे लावू नये. त्यात झिजलेल्या धातूंचे कण व काजळी असते. पन्हळीच्या आत जुना रंग असल्यास तो ओला करून पूर्णपणे काढावा.

तिसरा वर्ग एकमेकांवर घासणाऱ्या व जुळणाऱ्या भागांचा. आस, बेअरिंग, दातेरी चाकांचे दात, बोल्टांचे आटे, व चाकावर सुरी बसण्याची सपाट जागा यांना रंग लागू देऊ नये. सुरीच्या बैठकीवर रंगाचा थर असल्यास सुरी व पट्टी यांमधील अंतर बिघडते, आणि कालांतराने तो थर दबून बोल्ट सैल होतात. तेल सोडण्याच्या भोकांत रंगविण्यापूर्वी लाकडाच्या लहान खुंट्या ठोकाव्यात. रंगाने बुजलेले भोक कोणाच्या ध्यानात येत नाही व आस कोरडा फिरून झिजतो.

अस्तर व रंग

रंगकामास कोरडी हवा लागते. पावसाळा संपल्यापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. सकाळचे दव उडून गेल्यावर काम सुरू करावे व सूर्यास्तापूर्वी पुरे करावे. कडक उन्हात तापलेल्या लोखंडावर रंग देऊ नये, कारण वरची साय लवकर धरते व आतील भाग ओला राहून फोड येतात. धूळ उडत असलेल्या खळ्याजवळही हे काम करू नये.

अस्तरासाठी रेड ऑक्साइड अथवा झिंक फॉस्फेट या प्रकारचे प्रायमर घ्यावे. रेड ऑक्साइड हा लोहाचा रंग आहे; शेंदूर हा शिशाचा. दोन्ही तांबूस असल्याने गल्लत होते, म्हणून डबा घेताना त्यावरील मजकूर वाचावा व शिसेविरहित असा स्पष्ट उल्लेख असलेलाच माल घ्यावा. अस्तर ब्रशाने चोळून लावावे. कोपरे, सांधे, बोल्टांची भोके व पत्र्याच्या कडा यांवर रंग पातळ बसतो व गंज तेथूनच सुरू होतो. त्या जागांना प्रथम स्वतंत्र हात द्यावा व मग सर्वत्र लावावे.

अस्तर रात्रभर वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने हलके घासावे, पुसावे व एनॅमल रंगाचा पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर सुमारे २४ तासांनी दुसरा हात द्यावा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर नेहमीच अधिक टिकतात. रंग पातळ करण्यासाठी डब्यावर सांगितले असेल तेच द्रव्य व तेवढेच घालावे. रॉकेल घातलेला रंग नीट वाळत नाही व त्याची तकाकीही जाते.

समजा, यंत्राचा रंगविण्याचा पृष्ठभाग ३ चौरस मीटर आहे. एनॅमल रंग लिटरला साधारणतः १० चौरस मीटर पुरतो असे धरल्यास एका हातास सुमारे ३०० व दोन हातांस ६०० मिलिलिटर रंग लागेल. हाताने फिरविण्याच्या यंत्रास एक लिटर रंग व अर्धा लिटर अस्तर यांहून अधिक खरेदी करण्याचे कारण नाही.

यंत्राचा काही भाग जस्ताच्या पत्र्याचा असल्यास त्यावर तेली एनॅमल सरळ देऊ नये. रंगातील तेल व जस्त यांचा संयोग होऊन साबणासारखा पदार्थ बनतो व रंग पापुद्र्यांनी निघतो. जस्ताच्या पत्र्यास त्यासाठी मिळणारे वेगळे प्रायमर आधी द्यावे, अथवा पत्रा धडका असल्यास तो तसाच राहू द्यावा.

सांगाड्यास कोणताही रंग चालेल. परंतु चाकाची कड पिवळी करावी, म्हणजे ते फिरत आहे हे दुरूनही कळते. संरक्षक आच्छादनाच्या आतील बाजूस तांबडा रंग द्यावा. आच्छादन उघडे राहिले तर तो तांबडा रंग दिसतो व काम करणाऱ्यास सूचना मिळते. तेथे रंगाने खरोखर एखादा हात वाचू शकतो.

हाताची मूठ लाकडी असेल तर तिला रंग देण्यापेक्षा जवसाचे उकळलेले तेल चोळावे. लाकूड ते शोषून घेते, चिरत नाही, आणि मूठ हातात निसटत नाही. मात्र जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढिगात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता उत्पन्न करते व ढिगातील फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. कडब्याच्या गंजीजवळ असे घडल्यास वर्षाची वैरण भस्म होईल. फडकी पाण्यात भिजवून, पसरून, मोकळ्या जागी वाळवावीत.

विजेच्या यंत्राबद्दल विशेष सूचना

मोटारीवर पाणी मारू नये. तिच्या हवेच्या जाळीत, पंख्यावर अथवा नामपट्टीवर रंग जाऊ देऊ नये. जाळी बुजल्यास मोटार तापून जळते, आणि नामपट्टी झाकली गेल्यास वीज-दाब व फेरे यांची माहिती नाहीशी होते.

भूसंपर्काच्या, म्हणजे अर्थिंगच्या, तारेबाबत अत्यंत काटेकोर राहावे. रंग हा विजेचा अवरोधक आहे. अर्थिंगचा बोल्ट रंगविलेल्या पृष्ठभागावर आवळल्यास तार दिसावयास जोडलेली, पण प्रत्यक्षात तुटलेली राहते. मोटारीत दोष उत्पन्न झाल्यास सर्व यंत्र विजेने भारले जाईल व त्यास स्पर्श करणाऱ्याच्या, अथवा त्यास बांधलेल्या जनावराच्या, प्राणावर बेतेल. म्हणून बोल्टाच्या बैठकीची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावी, बोल्ट आवळावा, व नंतर बाहेरून त्यावर ग्रीसचा हात द्यावा. जोडणी परवानाधारक वीजतंत्र्याकडून तपासून घेतल्याशिवाय वीज चालू करू नये.

जोडणी व पुढील निगा

शेवटच्या हातानंतर यंत्र निदान एक आठवडा सावलीत राहू द्यावे. रंग हातास कोरडा लागला तरी आतून कठीण होण्यास वेळ लागतो. जोडणी करताना भोकांतील खुंट्या काढून तेल सोडावे, दातांना ग्रीस द्यावे, व सुऱ्यांचे बोल्ट नवे घालावेत. गंजलेले जुने बोल्ट काटकसर म्हणून पुन्हा वापरू नयेत. प्रथम चाक हाताने सावकाश पूर्ण फिरवून सुरी पट्टीस कोठे अडत नाही हे पाहावे, आणि संरक्षक आच्छादन बसविल्यावरच यंत्र चालवावे. पहिली पाटीभर कुट्टी जनावरास न घालता वेगळी काढून नष्ट करावी, म्हणजे आत राहिलेले गंजाचे व रंगाचे कण निघून जातात.

रोजचे काम संपल्यावर यंत्र पुसून कोरडे करावे. पाय थेट ओल्या जमिनीवर न ठेवता दगडाच्या अथवा विटांच्या ओट्यावर ठेवावेत. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडाशी, सर्व यंत्र तपासावे. जेथे रंग खरचटला असेल तेवढीच जागा घासून अस्तर व रंग द्यावा. नखाएवढ्या जागेवर वेळीच दिलेला रंग पुढे सबंध यंत्र खरवडण्याचे श्रम वाचवितो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हे काम एकेकट्या शेतकऱ्यास सांगण्यापेक्षा एक यंत्र प्रत्यक्ष सोडवून, चारपाच शेतकऱ्यांच्या देखत करून दाखविणे अधिक परिणामकारक ठरते. हातोडीची व खडूची परीक्षा प्रथम दाखवावी. तिचा निकाल डोळ्यांनी दिसत असल्याने ती मनावर ठसते. त्यानंतर पुढील गोष्टी पाठ करून घ्याव्यात.

१. चाकाची परीक्षा झाल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये व रंगवू नये.
२. जुना रंग शिशाचा समजून ओला करूनच खरवडावा. खरवड उकिरड्यावर टाकू नये.
३. आधी ग्रीस, मग गंज, मग त्याच दिवशी अस्तर, हा क्रम मोडू नये.
४. वैरणीचा स्पर्श होणाऱ्या भागास रंग देऊ नये.
५. तेलाची भोके, सुरीची बैठक व अर्थिंगची जागा रंगापासून मुक्त ठेवावी.
६. आच्छादनाशिवाय यंत्र चालवू नये.

जुन्या यंत्राची डागडुजी ही काटकसर खरी, पण ती डोळसपणे केली तरच. जे यंत्र आतून धडके, वैरणीच्या वाटेत स्वच्छ व बाहेरून गंजापासून सुरक्षित आहे, तेच जनावराच्या व माणसाच्या हिताचे होय. पशुपालक बंधूंनी व भगिनींनी या दृष्टीने आपापल्या गोठ्यातील यंत्रांची पावसाळ्यापूर्वी एकदा बारकाईने तपासणी करावी.